परभाषा आणि कान



परभाषा शिकावयास निघालेला मनुष्य प्रथम पुस्तक उघडतो. शब्द पाठ करतो, व्याकरणाचे नियम घोकतो. आणि त्या भाषेचा मनुष्य समोर बोलूं लागला म्हणजे गोंधळून जातो. डोळ्यांना परिचित असलेले शब्द कानाला अनोळखी वाटतात. हा दोष बुद्धीचा नव्हे, कानाच्या संवयीचा आहे.

प्रत्येकाचा कान मातृभाषेच्या मुशींत घडलेला असतो. तींत ज्या भेदानें अर्थ बदलतो तेवढाच भेद तो टिपतो. इतर ध्वनि जवळच्या ओळखीच्या ध्वनींत ढकलून मोकळा होतो. इंग्रजींत ‘त’ आणि ‘ट’ असे निराळे वर्ण नाहींत, ‘ण’ तर नाहींच. म्हणून ठाणें जुन्या इंग्रजी लिखाणांत ‘टाना’ झालें. मराठी मनुष्य त्याला हंसतो. पण त्याची स्वतःची गत निराळी नाहीं. इंग्रजींतील ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या अक्षरांचे दोन ध्वनि तो एकाच ‘व’मध्यें कोंबतो, आणि द्राक्षाची वेल व द्राक्षाचें मद्य यांना एकच नांव देऊन बसतो.

कान हाच भाषेचा पहिला गुरु, याचें प्रमाण रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच आहे. रेवदंड्यासमोर, कुंडलिकेच्या मुखाशीं, कोर्लई हें गांव आहे. इ. स. १७४० मध्यें पोर्तुगीजांनीं हा मुलूख मराठ्यांच्या स्वाधीन केला. राज्य गेलें, पण गांवांतील ख्रिस्ती कुटुंबांत पोर्तुगीज शब्दांची एक बोली टिकली. तिला तीं ‘नो लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. बोलणारे सुमारें हजार. या बोलीची शाळा नाहीं. मूल ती घरांत ऐकतें आणि मग बोलतें. पोर्तुगीजांत क्रियापद सामान्यतः कर्माच्या आधीं येतें. कोर्लईच्या बोलींत तें मराठीप्रमाणें वाक्याच्या शेवटीं गेलें आहे. शेजारीं जें अखंड कानीं पडलें, त्यानें जिभेलाहि वळण लावलें.

याच किनाऱ्यावरील बेने इस्राएल समाजाची कथा उलट दिशेची आहे. त्यांच्या घरांत मराठी आणि प्रार्थनेंत हिब्रू. इ. स. १९४८ नंतर त्यांच्यापैकीं पुष्कळ कुटुंबें इस्राएलांत गेलीं. तेथें प्रार्थनेची भाषा बाजाराची आणि कचेरीची भाषा होती. ग्रंथांतील अक्षर वाचणें आणि भाजीवाल्याचें भरभर बोलणें समजणें, या दोन निराळ्या विद्या आहेत.

मग शिकणारानें करावें काय? आरंभीं थोडें ऐकावें, पण पुनःपुन्हां ऐकावें. दोन-तीन मिनिटांचा उतारा छापील मजकूर न पाहतां चार वेळां ऐकावा. ऐकलें तें लिहून काढावें आणि मग मुळाशीं ताडून पाहावें. जेथें चूक तेथें कान बहिरा आहे असें समजावें. जवळजवळचे उच्चार असलेल्या शब्दांच्या जोड्या दुसऱ्यानें म्हणाव्या आणि आपण कोणता शब्द तें ओळखावें. कानाला भेद कळला म्हणजे आरसा घ्यावा. ‘व्ही’ला खालचा ओठ वरच्या दातांना लागतो, ‘डब्ल्यू’ला ओठ गोल होतात, दात लागत नाहींत. शेवटीं वाक्याच्या चालीकडे लक्ष द्यावें. मराठींत आघातानें अर्थ सहसा बदलत नाहीं. इंग्रजींत ‘रेकॉर्ड’ शब्दाचा आघात आरंभीं असतां नाम होतें, शेवटीं असतां क्रियापद. म्हणून सुटा शब्द नव्हे, सबंध वाक्य बोलणाराच्या मागोमाग म्हणावें, आणि आपला आवाज ध्वनिमुद्रित करून निर्दयपणें ऐकावा.

येथें प्रौढ मनुष्य कचरतो. लोक हंसतील या भयानें तो तोंड मिटून बसतो, आणि तोंड मिटल्यानें उच्चार कधींच सुधारत नाहीं. लहान मुलाला हें भय नसतें. त्याच्या यशाचें अर्धें रहस्य हेंच. शिवाय परक्यासारखें हुबेहूब बोलून त्याच्यांत खपून जावें, हा हेतु नव्हेच. आपलें बोलणें त्याला कळावें आणि त्याचें आपल्याला, एवढें साधलें कीं पुरे.

कोर्लईच्या मुलांना आज शाळेची मराठी आणि पोटापाण्याची इंग्रजी या दोन्ही हव्या आहेत, आणि त्या त्यांनीं शिकाव्याच. पण घरांत आईबापांनीं ‘आपली भाषा’ बोलणें सोडलें, तर ती लिहून ठेवणारे विद्वान तिचे शब्द वांचवूं शकतील. तिचा उच्चार मात्र कोणाच्या तरी कानांतच वांचावा लागेल.