डबा, छप्पर आणि स्क्रू
(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेले भाषण)



व्यासपीठावर उभं राहून बोलायची मला सवय नाही. शाळेत असताना फक्त उशीर झाला म्हणून इथे उभा राहिलो होतो. इतिहासाच्या बाई समोर बसल्या आहेत, त्यांना ते आठवत असेल. उशिराचं कारण दर वेळी एकच असायचं : बार्शी लाईटचं फाटक.

आपण कुर्डुवाडीची मुलं. ही गाडी आपल्याला घड्याळासारखी होती. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने ती अडीच फुटी लाईन बार्शीपर्यंत सुरू केली, तेव्हा आपल्या स्टेशनचं नाव बार्शी रोड होतं. पुढे ती पंढरपूरला गेली, लातूरला गेली आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. आषाढीला डब्यात मावतील त्याहून जास्त वारकरी टपावर बसलेले आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. आज त्या वाटेवर ब्रॉडगेज आहे. गाडी वेगाने जाते, ते चांगलंच आहे. पण तो अडीच फुटी डबा कितीही जपला, तरी तो धावायला रूळ उरलेला नाही.

दहावीनंतर मी मुंबईला रेल्वेच्या डबे दुरुस्तीच्या कारखान्यात अप्रेंटिस लागलो आणि तिथेच निवृत्त झालो. जुन्या डब्यांचं काय करायचं, या प्रश्नावर माझे आयुष्यभर वाद झाले. त्यातला एक आज सांगतो, कारण शाळेच्या जुन्या पत्र्याच्या ओळीचं काय करायचं हे आपल्याला जेवणानंतर ठरवायचं आहे.

कारखान्यात सागवानी बॉडीचे दोन जुने डबे कंडेम व्हायला आले होते. साहेबांचं म्हणणं, आतलं सगळं काढून कामगारांसाठी कॅम्प डबे करू. मी तरुण आणि तोंडाळ. म्हणालो, पितळी कड्या, जाळीच्या खिडक्या, कोरीव पार्टिशन, यातलं काही पुन्हा बनणार नाही. याला हात लावायचा नाही. शेवटी तडजोड झाली. एक डबा जसाच्या तसा एका कार्यालयासमोरच्या बागेत चौथऱ्यावर ठेवला. दुसरा कॅम्प डबा झाला. माझा डबा वाचला म्हणून मी पेढे वाटले.

चार पावसाळ्यांनी मी तो बघायला गेलो. छपरावरचं कॅनव्हास फाटलं होतं. पाणी आत शिरून खालच्या चौकटीत साचत होतं. सागवान टिकलं होतं, पण सांध्यांत बोट जात होतं. पितळी कड्या कुणीतरी काढून नेल्या होत्या. दाराला मात्र कुलूप शाबूत होतं आणि पाटी चकचकीत होती. त्या डब्यासाठी कुणाच्याही नावावर काम नव्हतं, वर्षाला एक रुपयाही मंजूर नव्हता. ते मागायचं मला सुचलं नव्हतं. दोष माझाही होता.

दुसरा डबा मात्र ठरलेल्या मुदतीला कारखान्यात येत राहिला. छप्पर गळलं की कामगारच ओरडायचे, मग ते लगेच दुरुस्त व्हायचं. आत प्लाय ठोकलेला, पंखे लावलेले, रेक्झिनच्या गाद्या. बघून जीव तुटायचा. तो शेवटी मोडीत निघाला तेव्हा आम्ही प्लाय काढला, तर मागे मूळ सागवानी तक्ते, त्यांवर जुनी रंगवलेली अक्षरं, सगळं जसंच्या तसं. आमच्या म्हाताऱ्या सुतार मिस्त्रींनी वर्षांपूर्वी तो प्लाय बसवताना एकही खिळा मारला नव्हता. सगळे स्क्रू. काढलेल्या पार्टिशनचे तुकडे कुठे ठेवलेत, तेही प्लायच्या मागे पेन्सिलीने लिहिलं होतं. माझ्या भाषणांनी जे वाचलं नाही, ते मिस्त्रींच्या स्क्रूंनी वाचवलं.

म्हणजे वापरा आणि वाचवा, इतकं ते सोपं आहे का? नाही. आपली डेक्कन क्वीन घ्या. १ जून १९३० ला सुरू झाली. १९६६ मध्ये जुने डबे जाऊन पेरांबूरचे पोलादी डबे आले, २०२२ मध्ये एलएचबी आले. नाव राहिलं, डायनिंग कार राहिली, पण १९३० चा डबा कसा होता हे त्या गाडीत बसून कळत नाही. आणि ते बदल योग्यच होते. रोज हजारो माणसं नेणाऱ्या गाडीत जुन्या लाकडाचा हट्ट धरणं म्हणजे जिवाशी खेळ. मुंबईची लोकल १९२५ पासून डीसी विजेवर धावली. एप्रिल २०१६ मध्ये ती वीज कायमची गेली. त्या काळचा डबा आज नुसता जपताच येतो. उलट १८५५ चं फेअरी क्वीन इंजिन म्युझियममधून बाहेर काढून १९९७ मध्ये पुन्हा धावायला लावलं, तेव्हा लोकांनी वाफेचं इंजिन श्वास घेताना पाहिलं. काचेआडून ते दिसलं नसतं.

तेव्हा नियम एकच नाही. मी मात्र तीन प्रश्न विचारायला शिकलो. अशी वस्तू आणखी किती उरल्यात? एकच असेल तर तिला कमीत कमी हात लावा. बदल केला तर तो उलटा फिरवता येईल का? आणि छपराचे पैसे दर वर्षी कोण देणार?

आता आपली पत्र्याची ओळ. पाच खोल्या आहेत. काहींचं म्हणणं, स्मारक म्हणून कुलूप लावून ठेवू. काहींचं, पाडून हॉल बांधू. माझी सूचना अशी : एक खोली, शेवटची, जशी आहे तशी ठेवू. तोच फळा, तेच बाक, बाकांवर कोरलेली नावंसुद्धा. (माझंही आहे. सर, आता कबूल करतो.) उरलेल्या चार खोल्यांत मुलांसाठी अभ्यासिका करू. वीज, पंखे, फरशी, सगळं नवं. पण भिंती न फोडता, आधी फोटो काढून आणि काढलेली प्रत्येक वस्तू नोंदवून. आणि आज जमलेल्या निधीतला काही भाग पाटीवर खर्च न करता बँकेत ठेवू. त्याच्या व्याजातून दर वर्षी मे महिन्यात पत्रे तपासायचे. पहिली पाच वर्षं ते काम माझ्याकडे द्या. शिडीवर चढायला गुडघे नकार देतात, पण खाली उभं राहून ओरडायला मी अजून ठणठणीत आहे.

पोरं रोज तिथे येऊन बसली, तर पत्रा गळतोय हे आपल्याला पहिल्याच पावसात कळेल.