जहाजतोडणी कामगार आणि त्यांच्या कामाची नोंद



चिंचपोकळीच्या पूर्वेस, रे रोडलगतच्या दारूखान्यात अनेक दशके जुनी जहाजे तोडली गेली. त्यांच्या बॉयलरवर आणि वाफेच्या नळांवर ॲसबेस्टॉसचे आवरण असे. त्याची धूळ फुप्फुसात गेल्यावर आजार दिसू लागण्यास बहुधा २० ते ४० वर्षे लागतात. तोवर ठेकेदार बदललेला असतो आणि हाती कागद उरलेला नसतो. दम लागतो म्हणून आलेल्या वृद्धास आम्ही क्षयाबरोबर जुन्या कामाविषयीही विचारतो, ते यासाठीच.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲसबेस्टॉस उद्योगांस कामगारांच्या आरोग्य-नोंदी नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे अथवा ती सुटल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर जपण्याचा आदेश दिला. रोजंदारीवर जहाज तोडणाऱ्याचे नाव मात्र कोणत्या वहीत शोधावे? २०१९ चा जहाज पुनर्चक्रण कायदा आणि २६ जून २०२५ पासून अमलात आलेला हाँगकाँग करार यांनी जहाजावरील घातक पदार्थांची यादी आवश्यक ठरविली आहे. त्या यादीस कामगाराचे आरोग्यपत्रक जोडणे हे शासन, यार्डमालक आणि रुग्णालये यांनी मिळून करावयाचे काम आहे, आणि ते फारसे खर्चाचेही नाही, असे आमचे मत आहे.

तूर्त नातेवाइकांस विनंती, की जुना गेटपास, ठेकेदाराची चिठ्ठी, जे काही घरी असेल ते तपासणीस येताना सोबत आणावे.