मागणी आणि पोच



दुकानदाराने इंटरनेटवर विक्री सुरू केली की त्याचा व्यापार आपोआप विस्तारतो, असा समज सार्वत्रिक आहे. वस्तुतः विक्री हा त्यातील सर्वांत सोपा भाग होय. खरी कसोटी लागते ती मागणी नोंदविली गेल्यानंतर.

१९९९ साली ‘टॉयज आर अस’ या अमेरिकेतील प्रख्यात खेळणी-विक्रेत्याने इंटरनेटवरून भरमसाट मागण्या स्वीकारल्या, आणि नाताळ तोंडावर आला असता अनेक ग्राहकांना खेळणी वेळेवर पोहोचणार नाहीत असे कळविले. नाताळ उलटल्यावर आलेल्या भेटीचे मुलाला काय मोल, हे सांगावयास नको. जुलै २००० मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने या कंपनीच्या इंटरनेट शाखेसह सात विक्रेत्यांना एकूण सुमारे १५ लाख डॉलर दंड भरावयास लावला. आक्षेप केवळ विलंबाला नव्हता. विलंब होणार असल्यास ग्राहकाला तसे कळवून, थांबण्याचा किंवा पैसे परत घेण्याचा पर्याय द्यावा, हा टपाली विक्रीसाठी १९७५ साली केलेला नियम मोडला गेला होता.

एवढ्या अनुभवी व्यापाऱ्यांची अशी त्रेधा का उडावी? दुकानदारी पुरविणाऱ्या गोदामातून मालाची खोकीच्या खोकी मोटारीत चढतात आणि दुकानात उतरतात. पुढचे काम गिऱ्हाईक करते. ते मांडणीपर्यंत चालत जाते, वस्तू शोधते, पारखते, पिशवीत घालते आणि घरी नेते. या श्रमाची नोंद कोणत्याही खतावणीत नसते, कारण त्याचे दाम दुकानदाराला कधी मोजावेच लागले नाहीत. इंटरनेटवर मात्र हे सारे त्याच्या अंगावर येते. हजार खोकी हलविण्यात तरबेज असलेले गोदाम एकच बाहुली काढून, बांधून, पत्ता लावून धाडताना अडखळते.

साठ्याची अडचण याहून छुपी आहे. संगणक सांगतो, तीन नग शिल्लक. त्यांपैकी एक फुटलेला, एक भलत्याच जागी ठेवलेला आणि तिसरा त्याच क्षणी एखाद्या गिऱ्हाइकाच्या हातात असतो. समोरच्या गिऱ्हाइकाला ‘ते संपले, हे न्या’ म्हणता येते. दूरच्या ग्राहकाकडून पैसे आधीच घेतलेले असतात.

ऑगस्ट २००० मध्ये ‘टॉयज आर अस’ने ॲमेझॉनशी दहा वर्षांचा करार केला. खेळण्यांची निवड व खरेदी स्वतःकडे ठेवून गोदाम आणि पाठवणी तिच्यावर सोपविली. तात्पुरती सुटका झाली खरी. पण जे शिकावयाचे तेच परक्याच्या हाती गेले, असे मला वाटते. प्रकरण न्यायालयात गेले आणि २००६ साली तो करार संपुष्टात आला.

आपल्याकडील किराणा दुकानदार दूरध्वनीवर यादी घेऊन पोऱ्यासोबत सामान घरपोच करीत आला आहे. दोन गल्ल्यांचे अंतर आणि तोंडपाठ साठा, हे त्याचे बळ. डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झालेल्या ‘ओएनडीसी’सारख्या जाळ्यात तो शिरतो, तेव्हा मागणी एक घेतो, माल दुसरा देतो, पोहोचवितो तिसराच. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार, सांगितलेल्या वेळेनंतर पोहोचलेला माल परत घेण्यास विक्रेत्याला, अनिवार्य आपत्ती वगळता, नकार देता येत नाही. ग्राहकाच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. परंतु उशीर पोहोचविणाऱ्याकडून झाला, तरी परत येणारे दही दुकानदाराच्याच दारी येते.