पावसाचा अंदाज आणि पेरणीचा दिवस
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपली बरीच कुटुंबे आज शहरात स्थिरावली असली, तरी गावच्या जमिनीशी असलेला आपला संबंध तुटलेला नाही. पेरणीचे बियाणे पुष्कळदा शहरातल्या पगारातूनच येते. म्हणून हा विषय आपणांपुढे मांडीत आहे.

२०२३ साली देशात सरासरीच्या ९६ टक्के पाऊस पडेल, असे हवामान खात्याने एप्रिलमध्ये वर्तविले. प्रत्यक्षात पडला ९४ टक्के. हा अंदाज खोटा ठरला असे कोण म्हणेल? परंतु त्या वर्षी मोसमी पाऊस मुंबईस पोहोचला तो २५ जूनला, आणि ऑगस्ट तर देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. आमच्या चुलत्यांनी मृगाच्या एका सरीवर विसंबून सोयाबीन पेरले. उगवण करपली, दुबार पेरणीचे बियाणे उधारीने आणले, तेही ऑगस्टात सुकले. "पाऊस सरासरीइतका सांगितला होता ना?" असे त्यांनी विचारले. मी निरुत्तर झालो, कारण तो अंदाज त्यांना वाचून दाखविणारा मीच होतो!

दोष आकड्याचा नव्हता. चार महिन्यांचा, सबंध देशाचा अंदाज धान्यसाठ्याचा विचार करणाऱ्यांस उपयोगी. आपल्या शिवारात तिफण केव्हा जुंपावी, हे तो सांगत नाही. त्यासाठी मंगळवारी व शुक्रवारी निघणारी कृषी-हवामान सल्ला-पत्रिका पाहावी. तीत पुढील पाच दिवसांचा अंदाज असतो. पुण्यात या विद्येची शाखा १९३२ सालीच निघाली. पण पत्रिका वाचणारी घरे आपल्यात किती आहेत? ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नये, असे कृषी विभाग सांगतो. तो मोजल्यावाचून कसा कळणार? पागोळ्यांवरून? ढेकूळ उकरून ओल पाहण्याची वडिलधाऱ्यांची पारख टाकाऊ नाही. मात्र मोजमापाची तिला जोड हवी. पेरणी लांबलीच, तर कमी मुदतीचे वाण निवडण्यास अवसर राहतो.

आपल्या तरुण विद्यार्थ्यांनी ही पत्रिका वाचून घरी कळवावी, आणि कळविताना तीतील 'शक्यता' हा शब्द गाळू नये. माझ्याकडून तोच गळला होता.

चुलत्यांच्या अंगणात आता पर्जन्यमापक बसविला आहे. रोज सकाळी साडेआठ वाजता ते पाऊस मोजतात आणि दूरध्वनीवरून मला आकडा सांगतात. अंदाज मात्र ते मला विचारीत नाहीत.