पाकीट बंद आहे, पण कोणापासून?

(कशेळी, ता. भिवंडी येथे कामगार कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



ठाण्याच्या बाळकुमहून खाडीवरचा पूल ओलांडला की कशेळी लागते आणि तेथून काल्हेर, पूर्णा, राहनाळपर्यंत गोदामांची रांग सुरू होते. मुंबई-ठाण्याच्या घराघरांत जाणारा माल या गोदामांत उतरतो आणि येथूनच पुढे रवाना होतो. हा माल उतरविणाऱ्या माणसाला उद्या काम आहे की नाही, हे पूर्वी मुकादम खोलीच्या दारात येऊन सांगत असे. आता तो निरोप रात्री मोबाइलच्या ग्रुपवर येतो. हजेरी, मजुरीचा हिशेब, ठेकेदाराविरुद्धची कुरकुर, आजमगडहून किंवा करीमनगरहून आलेला आईचा आवाज, हे सारे आज एकाच काचेच्या पाटीवर येऊन बसले आहे.

साहजिकच कामगारांमध्ये एक प्रश्न वारंवार विचारला जातो : व्हॉट्सअ‍ॅप सुरक्षित, टेलिग्राम सुरक्षित, की सिग्नल? प्रश्न रास्त आहे, परंतु अपुरा आहे. कुलूप चांगले की वाईट हे विचारण्यापूर्वी चोर कोण, हे ठरवावे लागते. नवऱ्याच्या संशयापासून आपले बोलणे राखू पाहणारी स्त्री, ठेकेदाराच्या नजरेपासून संघटनेची सभा राखू पाहणारा हमाल आणि सरकारच्या पाळतीपासून अशिलाची कागदपत्रे राखू पाहणारा वकील, या तिघांची गरज एकाच कुलपाने भागत नाही.

टपालाची उपमा येथे उपयोगी पडते. साधा एसएमएस म्हणजे पोस्टकार्ड. ते ज्या दूरसंचार कंपनीच्या हातून जाते तिला ते वाचता येते. शिवाय कोणी कोणाला केव्हा फोन केला याच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवण्याचे बंधन कंपन्यांवर पूर्वीपासून होते. डिसेंबर २०२१ मध्ये ही मुदत दोन वर्षांची करण्यात आली. व्हॉट्सअ‍ॅपवरील निरोप हे बंद पाकीट आहे. एप्रिल २०१६ पासून तेथे एंड-टू-एंड एन्क्रिप्शनची व्यवस्था सर्वत्र लागू झाली. म्हणजे निरोपाला कुलूप लागते ते पाठविणाऱ्याच्या फोनमध्ये, आणि ते उघडते घेणाऱ्याच्या फोनमध्ये. किल्ली मधल्या कंपनीकडे नसते. या कुलपाची घडण मात्र व्हॉट्सअ‍ॅपची नव्हे. ती सिग्नल तयार करणाऱ्या मंडळींनी केली आणि जगापुढे खुली ठेवली. तेव्हा मजकुरापुरते बोलावयाचे तर व्हॉट्सअ‍ॅप आणि सिग्नल या दोन्ही दारांना एकाच जातीचे कुलूप आहे. दाराआडचे मालक मात्र निराळे आहेत.

टेलिग्रामबद्दलचा सार्वत्रिक समज उलटा करून घ्यावा लागेल. ते सर्वांत गुप्त म्हणून नावाजले गेले. पण त्यावरील नेहमीचे संभाषण कंपनीच्या यंत्रांवर साठते आणि त्याची किल्ली कंपनीपाशी असते. दोन व्यक्तींनी मुद्दाम ‘सीक्रेट चॅट’ निवडली तरच खरे कुलूप लागते, आणि ग्रुपला ती सोय नाही. म्हणजे पाकीट बंद खरे, पण प्रत्येक पत्राची नक्कल टपाल कचेरीत ठेवलेली. टेलिग्रामचे प्रमुख पावेल दुरोव यांना ऑगस्ट २०२४ मध्ये फ्रान्समध्ये अटक झाली, आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने जाहीर केले की, कायदेशीर मागणी आल्यास नियम मोडणाऱ्यांचे फोन क्रमांक व इंटरनेटवरील पत्ते अधिकाऱ्यांना दिले जातील. आपल्याकडील झोहो कंपनीच्या ‘अरट्टई’ची सप्टेंबर २०२५ मध्ये स्वदेशीच्या नावाने एकच लाट उसळली. त्या वेळी तिच्या लेखी निरोपांना हे टोकापासून टोकापर्यंतचे कुलूप नव्हते, ही गोष्ट त्या उत्साहात फार थोड्यांनी विचारली. स्वदेशी असणे चांगलेच. पण स्वदेशी पोस्टकार्ड हेही पोस्टकार्डच असते.

आता पाकिटाच्या बाहेरच्या बाजूकडे वळावयास हवे. आतला मजकूर झाकला तरी पत्ता उघडाच राहतो. कोणी, कोणाला, किती वाजता, कोठून, किती वेळा, या माहितीला तंत्रज्ञ ‘मेटाडेटा’ म्हणतात. संपाच्या आदल्या रात्री पंधरा मागवाल्यांनी एकाच कामगार-वकिलाला निरोप पाठविले, एवढे कळले तर मजकूर वाचण्याची गरजच काय? ज्याला नावे हवी असतात त्याला नावे मिळालेली असतात.

फेसबुकने व्हॉट्सअ‍ॅप २०१४ साली विकत घेतले ते सुमारे एकोणीस अब्ज डॉलर मोजून. पत्रे फुकट पोहोचविणाऱ्या टपालवाल्यासाठी कोणी भांडवलदार एवढी रक्कम मोजतो तेव्हा त्याला कशाचा तरी मोबदला मिळणार असतो. तो कशाचा, हे जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या सूचनेने उघड झाले : नव्या अटी मान्य करा, नाही तर सेवा बंद होईल. या अटींत वापरणाऱ्यांची माहिती फेसबुकच्या इतर कंपन्यांना देण्याचा समावेश होता. सुशिक्षितांनी तेव्हा सिग्नलकडे धाव घेतली. भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये या प्रकरणी मेटा कंपनीला २१३ कोटी रुपयांचा दंड केला व जाहिरातींसाठी ही माहिती देण्यास पाच वर्षे बंदी घातली. अपिलात, नोव्हेंबर २०२५ मध्ये, दंड कायम राहिला आणि बंदी उठली. दंड परवडतो, बंदी परवडत नाही. त्यामुळे नेमके काय टिकले आणि काय गेले याची नोंद घ्यावी.

याच्या तुलनेत सिग्नलची गोष्ट पाहण्यासारखी आहे. २०१६ साली अमेरिकेतील एका न्यायालयीन तपासात त्यांच्याकडे वापरणाऱ्यांची माहिती मागण्यात आली. त्यांना देता आल्या त्या दोनच गोष्टी : खाते उघडल्याची तारीख आणि शेवटचे जोडले गेल्याची तारीख. इतर काही त्यांनी साठविलेलेच नव्हते. गोदामात जे ठेवलेच नाही ते झडतीत सापडत नाही, हे कशेळीत फोड करून सांगावयास नको. ही संस्था नफ्यासाठी चालत नाही, देणग्यांवर चालते. आणि तिला २०१८ साली पाच कोटी डॉलर देणारे ब्रायन अ‍ॅक्टन हे व्हॉट्सअ‍ॅपचेच एक संस्थापक होत. फेब्रुवारी २०२४ पासून तेथे आपला फोन क्रमांक समोरच्यापासून लपविताही येतो. ग्रुपमध्ये शिरताच परक्या माणसांचे फोन सुरू होण्याचा अनुभव ज्या स्त्रियांनी घेतला आहे, त्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

तर मग सर्वांनी सिग्नल घ्यावे, एवढे सांगून थांबावे काय? तसे सांगणारे पुष्कळ आहेत. पण मुकादम ज्या ग्रुपवर काम वाटतो तो ग्रुप सोडण्याचे स्वातंत्र्य हमालाला नसते. गाव व्हॉट्सअ‍ॅपवर, ठेकेदार व्हॉट्सअ‍ॅपवर, मुलाच्या शाळेची सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर. निवडीचे स्वातंत्र्य हे पोटाच्या स्वातंत्र्यानंतर येते. म्हणून कामगारांनी निदान दोन व्यवहार वेगळे करावेत. कामाचे निरोप जेथे येतात तेथे येऊ द्यावेत. संघटनेची चर्चा ठेकेदाराचा माणूस ज्यात आहे अशा ग्रुपवर कधीही करू नये. जगातील सर्वोत्तम कुलूपही ग्रुपमध्ये बसलेल्या माणसापासून मजकूर राखू शकत नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च सुरक्षा अधिकाऱ्यांनी येमेनवरील हल्ल्याची चर्चा सिग्नलवर केली आणि त्याच ग्रुपमध्ये चुकून एका मासिकाच्या संपादकाला घेतले! कुलूप शाबूत होते. पाहुणा दारातूनच आत आला होता.

धोका बहुधा असाच जवळून येतो. दुसऱ्याचा फोन पाच मिनिटे हाती आला की त्याचे व्हॉट्सअ‍ॅप आपल्या संगणकाला जोडून घेणे अवघड नाही, आणि मग प्रत्येक निरोप दोन ठिकाणी उमटतो. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ या सदरात अनोळखी यंत्र दिसले तर ते तेथूनच काढून टाकता येते. हे पाहण्याची सवय घराघरांत लागावयास हवी. फोनवर आलेला सहा आकडी कोड मागणारा माणूस, मग तो बँकेचा म्हणवो की आधारचा, खाते पळविण्यासाठीच आलेला असतो. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन घातला की त्याचे काम बरेच अवघड होते.

फोन स्वतःच ताब्यात गेला तर काय होते, हे महाराष्ट्राने उघड्या डोळ्यांनी पाहिले. २०२० साली मुंबईत एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतरच्या तपासात कित्येकांची जुनी खासगी संभाषणे दूरचित्रवाणीवर वाचून दाखविली गेली. लोक विचारू लागले की, कुलूप असताना हे बाहेर आले कसे? कुलूप वाटेवरच्या निरोपाला असते. फोनमध्ये पडून राहिलेल्या निरोपाला ते राखत नाही. गूगल किंवा अ‍ॅपलच्या साठ्यात जाणारा बॅकअपही तेव्हा या कुलपाबाहेर होता. २०२१ च्या अखेरीस व्हॉट्सअ‍ॅपने त्यालाही कुलूप देऊ केले, पण ते वापरणाऱ्याने स्वतः सुरू करावे लागते.

याहून गंभीर प्रकरण २०१९ चे. इस्रायलच्या एनएसओ कंपनीचे ‘पेगासस’ हे हेरगिरीचे साधन व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलमधील उणिवेतून जगभरातील सुमारे १४०० फोनांवर सोडण्यात आले. कॉल उचलण्याचीही गरज नव्हती. भारतातील १२१ जणांना लक्ष्य केले गेल्याचे कंपनीने सरकारला कळविले. त्यांत नागपूरचे वकील निहालसिंह राठोड आणि विचारवंत आनंद तेलतुंबडे होते. भीमा-कोरेगाव खटल्याशी या दोघांचा संबंध सर्वांना ठाऊक आहे. कंपनी हे साधन सरकारांनाच विकत असल्याचे सांगते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले. पाचांत घातक प्रणाली आढळली, ती पेगाससच असल्याचे निश्चित सांगता आले नाही, आणि केंद्र सरकारने सहकार्य केले नाही असे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयातच सांगण्यात आले. त्याच खटल्यातील आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून शिरून कागदपत्रे ठेवली गेली, असा निष्कर्ष एका अमेरिकन तपास-प्रयोगशाळेने फेब्रुवारी २०२१ मध्ये काढला. तपासयंत्रणेने तो मान्य केला नाही. विल्सन यांना जामीन मिळाला जानेवारी २०२५ मध्ये, अटकेनंतर साडेसहा वर्षांनी.

आणीबाणीत तुरुंगातून येणाऱ्या पत्रांवर तपासनिसाचा शिक्का असे. पत्र फोडले गेले आहे, एवढे तरी वाचणाऱ्याला कळत असे.

याच्या विरुद्ध बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि तो झटकून टाकता येणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. अफवा मोबाइलवरून पसरली होती. त्या महिन्यातच व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांनाच पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी सरकारने मागणी केली की, कोणताही निरोप प्रथम कोणी पाठविला हे शोधून देता आले पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅप या नियमाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. कुलूप तोडावयास सांगितले तर या देशातून जावे लागेल, असे त्यांच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये सांगितले. एका अफवेचा उगम शोधता यावा म्हणून कोट्यवधी निर्दोष पाकिटांवर आधीच खूण करून ठेवावी लागते, ही यातील खरी अडचण आहे. आणि राईनपाड्यात मारणारे अज्ञात नव्हते. मारहाणीच्या चित्रफितीच फिरत होत्या.

अफवेला मोबाइल लागतोच असे नाही, हे भिवंडीला कोणी शिकवावयास नको. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत या गावाने ते भोगले आहे. १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी येथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या, दोन्ही समाजांच्या सामान्य माणसांना नियमाने समोरासमोर बसविले, आणि १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असता भिवंडी शांत राहिली. त्यासाठी कोणाचे पत्र फोडावे लागले नव्हते.

सरकारची पत्र फोडण्याची हौस मात्र जुनी. १८९८ च्या टपाल कायद्यात इंग्रजांनी ती सोय करून ठेवली. १९८६ साली ती वाढविणारे विधेयक संसदेने मंजूर केले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि त्याचा कायदा झाला नाही. २०२३ साली जुना कायदा गेला, नवा आला. पत्र अडविण्याचा अधिकार त्यातही राहिला. मधल्या काळात न्यायालयांनी काही बंधने घातली. फोन ऐकण्यावर १९९६ मध्ये पीयूसीएलच्या याचिकेने, आणि पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. तरीही २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सरकारला आपल्या यंत्रणा त्यातून वगळता येतात.

दिल्लीतील ही लढाई लांबची आहे. कशेळीत आज करता येण्याजोगे काम ठेकेदाराशी बोलणी करतानाचे आहे. कामाच्या ग्रुपवर कामगाराने काही लिहिले म्हणून त्याची पाळी कापली जाणार नाही, हे लेखी घ्यावे. हजेरीसाठी दिलेला फोन क्रमांक, आधारची प्रत व छायाचित्र दुसऱ्या कोणाला दिले जाणार नाही, आणि काम सुटल्यावर ते ग्रुपमधून व ठेकेदाराच्या फोनमधून काढले जाईल, हेही त्याच कागदावर असावे. स्त्री कामगारांना त्यांचा क्रमांक सर्वांना दिसणार नाही अशा रीतीने काम कळवावे. आणि ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याचे काम त्या कारणाने जाऊ नये म्हणून दुसऱ्या दिवसाच्या पाळ्यांची यादी संध्याकाळी गोदामाच्या फाटकावर लावली जावी.