फिरत्या एंजिनाची नाडीपरीक्षा



विमानाचे फिरते एंजिन म्हटले की कित्येकांस पहिल्या महायुद्धातील विमाने आठवतात. त्यांत सिलिंडरांसकट सारे एंजिनच गरगर फिरे. त्याच्याशी आज आम्हांला कर्तव्य नाही. आमचा विषय आहे जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांचे एंजिन. त्याचा पहिला नमुना 1957 साली चालला. भुईमुगाच्या दोनदाणी शेंगेसारखी पोकळी, तिच्यात फिरणारा फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर; दट्ट्या नाही, झडपा नाहीत. एंजिन हलके आणि थरथर थोडी, म्हणून स्वतः विमाने बांधणाऱ्या हौशी लोकांनी माझदा मोटारीचे 13बी एंजिन आपल्या विमानांत बसविले. आपल्याकडे 'निशांत' हे वैमानिकाविना उडणारे विमान 2009 साली देशी वांकेल एंजिनावर उडाले. त्या एंजिनाच्या कामात अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, वाहन संशोधन संस्थेचा हात होता.

या एंजिनाचे सारे दुखणे सीलांत आहे. रोटरच्या तीन टोकांस तीन पट्ट्या, त्याच्या अंगास बारीक पट्ट्या, आणि कवचाच्या थरांमध्ये पाणी अडविणाऱ्या रबरी कड्या. माझदाच्या आरंभीच्या एंजिनांत टोकांच्या पट्ट्या कवचावर असे ओरखडे काढीत की तेथील लोक त्यांस सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत.

आता बिघाड ओळखावयाचा कसा? प्लग काढून दाबमापक लावावा आणि स्टार्टरने एंजिन फिरवावे. रोटरला तीन बाजू, म्हणून एकामागून एक तीन फुंकरी येतात. तिन्ही सारख्या असल्या तर ठीक. एकच मंद असेल तर त्या बाजूची अंगची पट्टी संशयास्पद. दोन मंद आणि एक जोरकस, तर टोकाची पट्टी गेली. कारण टोकाची पट्टी शेजारच्या दोन खोल्यांतील सामाईक भिंत असते, ती पडली की दोन्ही बिऱ्हाडे उघडी पडतात! तिन्ही मंद असतील तर कवचच झिजलेले असण्याचा संभव. 13बीच्या एका प्रचलित नमुन्यास मिनिटाला 250 फेऱ्यांवर चौरस सेंटिमीटरला निदान 6 किलो दाब हवा, आणि तीन बाजूंत दीड किलोहून अधिक फरक नको. टोकाची पट्टी गेली तरी हे एंजिन बहुधा एकदम थांबत नाही, अशक्त होऊन चालत राहते. वैमानिकास तेवढीच सवड मिळते.

पाण्याची कडी मात्र कपटी. या एंजिनाची प्लगांकडील बाजू सदैव तापलेली, हवा घेणारी बाजू सदैव गार. त्यात रोटरभोवतीचे कवच ॲल्युमिनियमचे आणि बाजूच्या तबकड्या लोखंडाच्या. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. एंजिन एकदा अति तापले की रबर कडक होते आणि कडीची पकड सुटते. मग उभ्या एंजिनात पाणी झिरपते, सकाळी ते सुरू व्हावयास कुरकुरते, आणि गोडसर वासाचा पांढरा धूर सोडते. बाहेर थेंबही सांडलेला नसतो, तरी पाणी कमी होते.

येथे पुष्कळजण फसतात. थंड एंजिनाच्या पाण्यात हातपंपाने एक किलोभर दाब भरतात, काटा हलत नाही, आणि एंजिन निरोगी ठरवितात. ज्वलनाच्या वेळचा दाब याच्या कित्येक पट असतो. तो जळालेला वायू पाण्यात ढकलतो, तोही एंजिन तापून पूर्ण जोरावर असताना, म्हणजे नेमका उड्डाणाच्या वेळी. पाणी वायूच्या रेट्याने ओसंडते. तापमापकाचे टोक पाण्याऐवजी वाफेत उघडे पडले तर काटा उलट खाली येऊ शकतो, आणि वैमानिकास वाटते, एंजिन निवले! म्हणून पाण्याच्या दाबाचा स्वतंत्र काटा विमानात असावा, या मताचे आम्ही आहोत. गळती बंद करणाऱ्या बाजारी औषधांवर आमचा विश्वास नाही. कडी बदलावयाची तर एंजिन पुरते उघडावे लागते. हा खर्च आणि खोळंबा कोणासच नको असतो, आणि निदान पुढे ढकलण्याची बुद्धी तेथूनच होते.

चाकांना अडसर लावून, विमान बांधून, एंजिन काही मिनिटे पूर्ण जोरावर चालवावे आणि दाबाचा काटा पाहावा. मग रात्रभर निवू द्यावे. सकाळी थंडगार एंजिनाचे झाकण उघडताना फुस्स आवाज आला आणि पाणी खाली गेलेले दिसले, तर त्या दिवशी आकाश कितीही निरभ्र असो, विमान छपराखालीच राहू द्यावे.