चित्राला आवाज कोणता द्यायचा?

(आपल्या मंडळाच्या तरुण गटाने गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आरती झाल्यावर प्रसाद घेऊन घरी न जाता आपण आमच्यासाठी थांबलात, याबद्दल आधी आभार मानतो. आम्ही सहा जण आहोत. दोघे कॉलेजात, चौघे शाळेत. एकट्याने भाषण करायची हिंमत कोणाचीच नव्हती, म्हणून सगळ्यांनी मिळून लिहिलं आणि आता आळीपाळीने वाचणार आहोत.

“दिवसभर त्या मोबाईलमध्ये करता तरी काय रे?” हा प्रश्न दांडिया बाजारापासून नव्या बडोद्यातल्या फ्लॅटपर्यंत प्रत्येक मराठी घरात रोज विचारला जातो. आज त्याचं उत्तर देतो. आम्ही मंगा एडिट करतो.

मंगा म्हणजे कोणा मंगेशचं लाडकं नाव नव्हे. मंगा म्हणजे जपानी चित्रकथा. ती बहुधा काळ्या-पांढऱ्या रंगात असते आणि उजवीकडून डावीकडे वाचायची असते. आपल्या सवयीने पुस्तक उघडलं तर गोष्टीचा शेवटच आधी हाती येतो. पानावर लहान-मोठ्या चौकटी असतात, सावलीसाठी ठिपक्यांची जाळी असते, वेग दाखवायला रेघा असतात. १९४७ साली ओसामू तेझुका यांनी ‘शिन ताकाराजिमा’ हे पुस्तक चितारलं, त्यात सिनेमाचा कॅमेरा फिरावा तशी चित्रं मांडली होती. पुढच्या चित्रकारांवर त्याचा फार परिणाम झाला. म्हणजे मंगाचं चित्र कागदावर स्थिर असलं तरी हलायला आधीपासून तयारच असतं. आम्ही फक्त त्याला मोबाईलवर थोडा धक्का देतो.

तो कसा देतो ते सांगतो. आधी चार-पाच चौकटी निवडायच्या. एक चौकट फोनवर मोठी करून पात्राच्या कडेकडेने बोटाने रेघ फिरवायची आणि पात्र मागच्या दृश्यापासून वेगळं कापून घ्यायचं. कात्रीने फोटो कापावा तसंच, फक्त इथे केसांची एकेक बट सांभाळावी लागते. पात्र उचललं की मागे भोक पडतं. इबिस पेंटसारख्या चित्रकलेच्या अ‍ॅपमध्ये मागचं दृश्य हाताने काढून ते बुजवायचं. मग पात्र, भिंत, आकाश असे थर अलाइट मोशनसारख्या अ‍ॅपमध्ये एकावर एक ठेवायचे आणि ‘कीफ्रेम’ लावायच्या. म्हणजे या क्षणी पात्र इथे आणि त्या क्षणी तिथे, एवढंच आपण सांगायचं. मधला प्रवास फोन भरून काढतो. पुढचा थर जास्त सरकवायचा, मागचा कमी. रेल्वेच्या खिडकीतून जवळचे खांब भराभर पळतात आणि लांबचं झाड सावकाश जातं, तसंच हे. सपाट चित्राला खोली येते. शेवटी गाण्याच्या प्रत्येक ठेक्यावर खूण करायची आणि त्या खुणेवर चित्र बदलायचं.

२० सेकंदांचा व्हिडिओ, सेकंदाला ३० चित्रं, म्हणजे एकूण ६०० चित्रं झाली. त्यातली बहुतेक फोन भरतो हे खरं, पण एका पात्राची नीट कापाकापी करायलाच तास-दीड तास जातो. त्यामुळे जेवायला हाक आली की आम्ही जे “दोन मिनिटं” म्हणतो, ते खोटं असतं. सर्व मातांची इथे जाहीर माफी मागतो.

ही विद्या आपल्या गावाला परकी नाही. दादासाहेब फाळके आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३चा. त्याच्या आधी त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, त्याची दिवसेंदिवस एकेक चित्रं टिपली आणि पडद्यावर ते रोप वाढताना दाखवलं. ते पाहून सिनेमासाठी पैसा मिळाला. स्थिर चित्रं ओळीने लावून त्यांत जीव आणायचा, हे काम त्यांनी केलं, तेच आम्ही अंगठ्याने करतो.

आता आमची फजिती ऐका. आमचा पहिला एडिट एका गाजलेल्या मंगाच्या चौकटींवर आणि एका सिनेमातल्या गाण्यावर होता. दुसऱ्याच दिवशी त्याचा आवाज बंद करण्यात आला. आम्ही फार चिडलो. आमच्यातल्या एकाचे बाबा वकील आहेत. त्यांनी शांतपणे विचारलं, “चित्र कोणाचं? गाणं कोणाचं? मग यात तुमचं काय?” आम्ही म्हणालो, “मेहनत.” ते म्हणाले, “मेहनत चांगलीच आहे, पण दुसऱ्याच्या शेतात नांगर फिरवून शेत आपलं होत नाही.” वर १९५७चा कॉपीराइट कायदाही समजावून सांगितला. त्या दिवशी ठरलं की यापुढे चित्रं आपली, आवाज आपला आणि गोष्टही आपली.

गोष्ट शोधायला लांब जावं लागलं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, घराघरांत पाणी शिरलं आणि वस्तीत मगरी आल्या, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. त्या वर्षी गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. कितीतरी घरांत भिंती वाळायच्या आधीच बाप्पा आले. आम्ही सहा पानांची मंगा काढली: खालच्या मजल्यावरची आजी, तिची नात आणि जिन्याच्या पायरीशी आलेली मगर. अक्षरं देवनागरी, म्हणून पानं मात्र डावीकडून उजवीकडे ठेवली.

मंगात आवाजही चित्रासारखा काढतात. तलवारीचा आवाज, पावलांचा आवाज, हे सगळं चौकटीत मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असतं. आम्हीही पहिल्याच चौकटीत पाणी दार फोडून आत आणलं, वेगाच्या रेघा मारल्या, पडदा थरथरवला आणि वर लिहिलं, ‘बूम! स्प्लॅश!’ आम्हाला ते फारच जोरदार वाटलं.

ते आम्ही आपल्या मंडळातल्या एका आजींना दाखवलं. त्यांच्या घरात त्या रात्री पाणी शिरलं होतं. त्यांनी चष्मा सारखा करून दोनदा पाहिलं आणि म्हणाल्या, “छान केलंय हो. पण बाळांनो, पाणी असं येत नाही.”

मग त्यांनी सांगितलं. रात्री उठून पाय खाली टेकवला तर चटई ओली लागली. दार बंदच होतं. पाणी मोरीतून वर येत होतं, काहीही आवाज न करता. लाईट गेलेली. देवघर पहिल्या फळीपर्यंत बुडेस्तोवर कळलंच नाही. “रिकामी कळशी तेवढी तरंगत भिंतीला लागत होती,” त्या म्हणाल्या, “टण्... टण्... अजून रात्री मला तेच ऐकू येतं.”

आम्ही काही बोललो नाही. खरं सांगायचं तर आमच्यापैकी तिघे उंच इमारतींत राहतात. ते पाणी आम्ही गॅलरीतून शूट केलं होतं. आजी आमच्या रोजच्या ओळखीच्या, पण खाली काय झालं हे वर्षभरात आम्ही त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. एडिट करायचा होता म्हणून विचारलं.

मग पुन्हा सुरुवात केली. थरथर काढली, रेघा काढल्या, गाणं काढलं. काळ्या चौकटीत चटईची एक कड ठेवली आणि पाण्याचा थर इतका सावकाश वर सरकवला की आधी कोणाच्या लक्षातच येऊ नये. आता प्रश्न असा की, अक्षरं कोणती लिहायची? जपान्यांकडे शांततेलाही आवाजाचा शब्द आहे, ‘शीऽऽन’. आपल्याकडे काय?

हा प्रश्न आम्ही इथेच, रविवारच्या भजनानंतर विचारला आणि पाऊण तास वाद रंगला. एक आजोबा म्हणाले, ‘शुकशुकाट’. दुसरे म्हणाले, तो रस्त्याला. कोणी ‘चिडीचूप’ सुचवलं. ते माणसांना, असं ठरलं. ‘निःशब्द’ फारच पुस्तकी वाटलं. शेवटी आजीच म्हणाल्या, “घर आहे ना? मग सामसूम.” आमच्यातल्या एकाने ते ‘सामसुम’ लिहिलं, त्यावरून ऱ्हस्व-दीर्घाची शिकवणीही झाली.

आम्ही घरी मराठी बोलतो. पण शाळेत गुजराती आणि इंग्रजी, मित्रांत हिंदी. आमची मराठी ‘भूक लागली’ आणि ‘येतो’ एवढ्यावर भागते. त्या दिवसापासून आम्ही एक वही केली. पावसाची रिपरिप, पागोळ्यांची टपटप, जुन्या जिन्याची करकर, चिखलात पाय पडला की पचकन, मगरीच्या शेपटीचा सपकारा. दीडशेच्या वर शब्द झाले आहेत आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द इथे बसलेल्या कोणीतरी दिला आहे. हे शब्द आमच्या कानांवरून गेलेले होते. हाताने मात्र आम्ही ते पहिल्यांदाच लिहिले.

म्हणून आमची एक विनंती आहे. “काय करता त्या मोबाईलमध्ये?” असं जरूर विचारा, पण विचारून निघून जाऊ नका. शेजारी बसा. तुमच्याकडे गोष्टी आहेत आणि त्या गोष्टींचे आवाज आहेत. कापाकापी आम्ही करू. दर रविवारी भजनानंतर आम्ही इथेच असतो. ज्यांना शिकायचं असेल त्यांनी साधा फोन आणि चार्जर आणावा, फोन फार तापतो. आपलं चित्र स्कॅन करताना मोठंच ठेवा, नाहीतर लहान करताना ठिपक्यांच्या जाळीवर विचित्र पट्टे उमटतात. एवढी एक गोष्ट आम्ही चार वेळा चुकून शिकलो आहोत.

आता तो व्हिडिओ दाखवतो. ३४ सेकंदांचा आहे. डग्गा आमच्यातल्या एकाने वाजवला आहे आणि कळशी आजींचीच आहे, तीच त्या रात्रीची.

कृपया दिवे घालवा. सुरुवातीला आवाज आला नाही तर साउंडवाल्या काकांना ओरडू नका. तिथे तो नाहीच आहे.